घरी राहते का?

यशश्री जालन्यात एका आरोग्य सर्वेक्षणाच्या ऑफिसात काम करते. गाव वाटूर; जमलं तर महिन्यातून एकदा जाते. गावोगावची माहिती संगणकावर आली की ती साफ करणं हे तिचं काम. प्रत्येक माणसाची एक ओळ. वर्षातले निम्मे दिवसही जो घरी राहत नाही, त्याची ओळ वगळायची, असा नियम.

तिनं प्रोग्राममध्ये अट लिहिली: ‘घरी राहतो का’ याचं उत्तर ‘नाही’ नसेल, तेवढ्याच ओळी ठेव. चालवून पाहिलं, तर ओळी भलत्याच कमी झाल्या. जिथं उत्तर रिकामं होतं, त्याही ओळी अटीनं गुपचूप काढल्या होत्या. रिकामं म्हणजे ‘नाही’ नव्हे. तिनं अट सुधारली आणि परत आलेल्या ओळी एकेक करून वाचू लागली.

नावं नव्हती. पण वाटूरच्या एका ओळीवर ती थांबली. पुरुष, एकोणतीस वर्षं, मस्कतला क्रेन चालवतो. घरी राहतो: रिकामं. शेरा: ‘आई म्हणते, येईल.’ तो तिचा भाऊ वरद होता.

तिनं पूर्ण यादीत त्याच घराची पुढची ओळ पाहिली: मुलगी, सव्वीस वर्षं. घरी राहते: हो.

शनिवारी ती गावी गेली. आई, नंदाबाई, ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती.

“आई, मी घरीच राहते म्हणून सांगितलंस?”

“मंग? घर कोणतं हाय तुझं?”

“जालन्यात राहते ना मी.”

“ते नोकरीपायी.”

“आणि दादाचं?”

नंदाबाईनं सूप खाली ठेवलं. “न्हाई म्हणायला तोंडच उघडंना माझं.”

यशश्रीनं नियम समजावला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग ह्या घरात राह्यलं कोण?”

“तू आणि बाबा.”

“बराबर हाय. लिही तसं.” आणि ती पुन्हा पाखडू लागली.

सोमवारी यशश्रीनं साहेबांना सांगून दोन्ही उत्तरं ‘नाही’ केली. प्रोग्राम चालवला. दोन्ही ओळी गेल्या. मग ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं मस्कतला फोन लावला.

“दादा, घरी गेल्ते मी.”

“आई काय करून राह्यली?”

“डाळ पाखडत होती. ओट्यावर.”

“यंदा तूर कशी हाय?”

“चांगली. टपोरी.”



“अजून सांग,” वरद म्हणाला.