फोटोखालची ओळ

"काय हाय रं यात?" असं म्हणत काका मोबाइल समोरच्याच्या थेट नाकाशी धरायचे. कडावच्या नाक्यावर चहा पिणारा असो, एसटीची वाट बघणारा असो, कोणीही चालायचा. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मोबाइल त्यांना आलेले मेसेज वाचून दाखवायचा, पण चित्र आलं की नुसतं "फोटो" म्हणून गप्प बसायचा. आणि गावच्या ग्रुपवर चित्रांशिवाय दुसरं असतं काय? तुमचाही ग्रुप आठवून बघा. शुभ सकाळ, वाढदिवस, लग्नपत्रिका, निधनवार्ता, सगळ्याचे फोटोच.

काका माझे शेजारी. मी कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. सकाळी गाडी काढली की हे फाटकाशी उभे.

"गुलाब आणि चहाचा कप," मी सांगायचो.

"पुन्ना तेच? या लोकांना दुसरी फुलं ठावं नायत का रं?"

एकदा मात्र त्यांनी कोणालाच विचारलं नाही. गुलाबच असेल म्हणून सोडून दिलं. तो त्यांच्या जुन्या दोस्ताच्या निधनाचा फोटो होता. दोस्त कडावचाच, पण शिळफाट्याला राहायला गेलेला. काकांना कळलंच असेल, असं गावात प्रत्येकजण धरून चालला होता. काही दिवसांनी काका नेहमीसारखे शिळफाट्याला गेले आणि दारातूनच ओरडले, "काय रं, चा टाकला का?"

आत दोस्ताच्या बायकोला रडू फुटलं.

"मेलेल्या मानसाला हाक मारली मी," काका मला म्हणाले. आवाज नेहमीचाच. "कोन गेलं, येवढं तरी माजं मला कळू दे रं."

त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा होती: दृष्टिहीनांना वापरता येईल अशी वेबसाइट बनवायची. माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी कडावचा सूचनाफलक केला. फोटोत काय आहे ते खाली लिहिल्याशिवाय फोटो त्यावर चढायचाच नाही. तपासायला काका. मुलं स्क्रीन बंद करून त्यांच्यासोबत ऐकत बसायची.

पहिला फोटो काकांचाच होता. मोबाइल बोलला, "काका हसत आहेत. पुढचा एक दात पडला आहे."

काकांनी ते पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. "मी हसतो का फोटोत?" मग म्हणाले, "दाताचं काढा ते."

"लोकांना दिसतंच की काका," एक मुलगी म्हणाली.

"दिसू दे गं. लिवायचं नाय."

दुसरा नंबर आला. काकांनी ढाल हातात घेऊन चारी बाजूंनी चाचपली आणि घाईघाईने परत दिली. गावाने थोडे दिवस सूचनाफलक वापरला, मग ओळ लिहायचा कंटाळा आला. मुलं शिकून नोकऱ्यांना लागली, साइट बंद पडली. काका पुन्हा माझ्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले.

काका गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. ग्रुपवर फोटो आला. तोच, सूचनाफलकावरचा, फक्त भोवती हाराचं चित्र लावलेला. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मी तास पूर्ण घेतला, हजेरीही घेतली.

मुलं गेल्यावर मोबाइलची ती वाचून दाखवायची सोय चालू केली आणि मेसेजवर बोट ठेवलं.

"फोटो," मोबाइल म्हणाला.

पुन्हा ठेवलं.

"फोटो."

मग मी खाली लिहिलं, "काका हसत आहेत. आज संध्याकाळी कडावच्या स्मशानात अंत्यविधी."

दाताचं लिहिलं नाही.