उघडणावळ

दुरुस्तीला आलेल्या माणसाने यंत्राचं झाकण उघडण्याआधीच त्याचं बिल किती व्हायला हवं हे सांगू शकणारा माणूस सगळ्या सिंगापुरात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. मुलांनो, तुम्ही त्यांना ‘दहावे आजोबा’ म्हणायचात, कारण ते दहाव्या मजल्यावर राहत. आधीचे नऊ आजोबा कुठे आहेत असं त्यांनीच तुम्हाला एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही दोघंही फार गंभीरपणे बोटं मोजायला बसला होतात. तुम्ही इथून गेलात तेव्हा लहान होतात, म्हणून त्यांच्याबद्दल नीट लिहून ठेवते आहे. तुमच्या बाबांनी वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नयेत.

आमच्या बेडोकच्या ब्लॉकची लिफ्ट त्या काळी पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबायची. दहाव्या आजोबांना घरी जायचं तर नवव्या मजल्यावर उतरून, आमच्या दारावरून जाऊन जिना चढावा लागे. आमचं दार दिवसभर उघडं, नुसती जाळी ओढलेली. ते जाळीशी थांबत, मान तिरकी करत, आणि आमची विचारपूस करण्याऐवजी आमच्या स्वयंपाकघराची करत. “ताई, तुमचा फ्रिज खोकतोय. गॅस संपत आलाय. नव्वद डॉलर. तो एकशे वीस मागेल.” एवढं बोलून वर निघून जात. आठ दिवसांत फ्रिज बंद पडे, माणूस येई आणि एकशे वीस मागे. माझ्यासारख्या बाईला, जिच्याकडे प्रत्येक वस्तूच्या गॅरंटीचा कागद वेगळ्या फाइलमध्ये लावलेला असतो, तिला हे अपमानास्पद वाटे. माझ्या फाइलीला जे माहीत नव्हतं ते त्यांच्या कानाला माहीत होतं.

एका बँकेत त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सगळ्या ओळखीपाळखीच्या घरांतली यंत्रं तपासायला घेतली. बुकित तिमाहला एका मराठी बँकरने नवा काँडो घेतला आणि सत्यनारायण घातला. आरती चालू असताना दहाव्या आजोबांची मान तिरकी झाली. टाळ्या वाजवता वाजवता ते यजमानाच्या कानाशी वाकून म्हणाले, “केमिकल वॉश. ऐंशी डॉलर.” एअरकंडिशनरबद्दल बोलत होते. यजमानाला वाटलं दक्षिणेचा आकडा सांगताहेत, त्याने हसून आरतीचं ताट पुढे केलं. दहाव्या आजोबांनी ताटात दोन डॉलर ठेवले आणि म्हणाले, “बाकीचे त्या माणसाला द्या.”

दुरुस्तीच्या बिलातली इंग्रजी नावं त्यांना मान्य नव्हती. ट्रान्सपोर्ट चार्ज, इन्स्पेक्शन फी, ही नावं माणसाला गोंधळात पाडण्यासाठीच केलेली असतात असं त्यांचं मत. सोनाराची घडणावळ असते, गिरणीची दळणावळ असते, तशी त्यांनी दुरुस्तीची नावं पाडली होती. माणूस दारात येण्याचे पैसे ती येणावळ. झाकण उघडून आत डोकावण्याचे ती उघडणावळ. आणि आत डोकावून “आता याचं काही होणार नाही, नवीन घ्या” असं म्हणण्याचे जे पैसे घेतात ती सांगणावळ. येणावळ त्यांना मान्य होती, कारण माणूस उन्हातून येतो. उघडणावळीवर ते वाद घालत. सांगणावळ मात्र आयुष्यात कधी दिली नाही. “वाईट बातमीचे पैसे डॉक्टरसुद्धा वेगळे लावत नाही,” असं म्हणत.

त्यांचा ठरलेला माणूस म्हणजे बाजाराजवळच्या चिंचोळ्या दुकानातला एक चिनी गृहस्थ. त्याला आम्ही सगळे नुसतं अंकल म्हणत असू. वयाने दहाव्या आजोबांएवढाच, अंगात बनियन, कानामागे पेन्सिल. इंग्रजी तुटपुंजं, पण जेवढं होतं त्यात नाही म्हणण्याची सोय उत्तम होती. दर दोन-तीन महिन्यांनी तो दहाव्या मजल्यावर जाई आणि त्यांचं भांडण आमच्या छतातून खाली येई.

“फॉर्टी.”

“ट्वेंटी-फाइव्ह. त्यात उघडणावळ आली.”

“ट्वेंटी-फाइव्ह यू रिपेअर लाह. नाह, टेक,” असं म्हणून अंकल आपला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात देई. दहावे आजोबा तो हातात धरून यंत्राकडे मिनिटभर बघत आणि परत करत. मग बत्तीसवर तोड निघे, आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोघांपुढे पोहे आणि चहा ठेवत. “तुमच्या सगळ्या णावळी झाल्या असतील तर बसा,” त्या म्हणत, “खाणावळ तेवढी माझ्याकडे.”

अंकलला उघडणावळ हा शब्द इतका आवडला की तो दुसऱ्या घरीही वापरायला लागला. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या आमच्या ब्लॉकमधल्या एका तरुण इंजिनिअरचा हीटर बिघडला, तेव्हा अंकलने त्याच्याकडे वीस डॉलर ‘ओगडानावा’ मागितला. त्या बिचाऱ्याला वाटलं की हा इथल्या सरकारचा काही कर असावा. त्याने निमूटपणे दिला, वर पावती मागितली. अंकलने पावतीवर तसंच लिहून दिलं, आणि मुलगा ती ऑफिसात दाखवायला घेऊन गेला.

एका वर्षी अंकलच्या मुलाचं लग्न ठरलं. लाल कार्डाचं आमंत्रण दहाव्या मजल्यावर आलं. वहिनींच्या लेकीचे, म्हणजे नीताचे, दिवस भरत आले होते, त्यामुळे मेजवानीला जाणं जमणार नव्हतं. तेव्हा जन्मात पहिल्यांदाच दहाव्या आजोबांनी अंकलला कोणी न मागता पैसे द्यायचं ठरवलं. बँकेतली लांब पांढरी पाकिटं त्यांच्याकडे गठ्ठ्याने होती. त्यातलं एक घेतलं, पन्नासची नोट घातली, आणि वर आपल्या पद्धतीने एक डॉलर. आमच्या दाराशी थांबून मला दाखवलंसुद्धा. नेमकी मी डाळीच्या फोडणीत होते, म्हणून लांबूनच “छान” म्हटलं. “शून्यावर संपलेला आहेर बिलासारखा दिसतो, ताई,” ते म्हणाले, “वर एक असला की आशीर्वाद होतो.” दुकान बंद होतं, म्हणून पाकीट शटरखालून आत सरकवून आले. परत येताना शीळ घालत होते.

नीताला मुलगी झाली. रविवारी ती दवाखान्यातून बाळाला घेऊन आईकडे येणार होती. वहिनींनी जुन्या मऊ धोतरांची लंगोटं शिवून ठेवली होती. बाजारच्या डायपरवर त्यांचा विश्वास नव्हता आणि पाठीच्या दुखण्यामुळे वाकून धुणं शक्य नव्हतं, म्हणजे सगळी भिस्त मशिनवर. बुधवारी मशिन घर्र करून थांबलं, पोटात पाणी घेऊन.

दहाव्या आजोबांनी अंकलला फोन केला. अंकल म्हणाला, “कॅनॉट.” उद्या? “कॅनॉट.” पुढच्या आठवड्यात? “नेक्स्ट इयर ऑल्सो कॅनॉट,” आणि फोन ठेवला. बाकीच्या दुरुस्तीवाल्यांना त्यांनी आधीच एकेक करून बाद केलं होतं. तरी गुरुवारी पाया लेबारहून एकाला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, मोटर गेली म्हणाला, दोनशे ऐंशी सांगितले, आणि नकोच असेल तर बघितल्याचे पन्नास. दहाव्या आजोबांनी त्याला पन्नासही दिले नाहीत आणि मशिनही नीट बंद करू दिलं नाही. त्यांच्या हिशेबाने नव्याच्या अर्ध्याहून जास्त खर्च येत असेल तर वस्तू टाकायची असते, पण मोटर गेलेली नाही हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं. वहिनी पहिल्यांदाच चिडल्या. “तुमचा कान ठेवा त्या मशिनमध्ये,” त्या म्हणाल्या, “आणि फिरवा त्याला. माझी नात रविवारी येतेय.”

शुक्रवारी सकाळी मी मशिनचा मॉडेल नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि स्वतः दुकानात गेले. अंकलने मान वर केली नाही. त्याची बायको गल्ल्यावर होती. तिने खणातून ते लांब पांढरं पाकीट काढून, हात न लावल्यासारखं दोन बोटांत धरून, माझ्यासमोर ठेवलं. “युवर फ्रेंड,” ती म्हणाली, “माय सन वेडिंग, ही गिव्ह डेड पीपल मनी.”

इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत होतं, मुलांनो. चिनी लोक मंगलकार्यात लाल पाकीट आणि सम आकडा देतात. पांढरं पाकीट आणि विषम आकडा माणूस गेल्यावर. पाकीट दाखवलं तेव्हा माझं लक्ष फोडणीत होतं, यातला अर्धा दोष माझा.

वर जाऊन सांगितलं तेव्हा दहावे आजोबा बोटं मोजायला लागले. मग तीस वर्षांची सवय बोलली. “एक डॉलर जास्त झालाय ना? परत मागून घेऊ? किंवा आणखी एक देऊन बावन्न करू.” वहिनींनी नुसतं बघितलं. त्यावर ते एकदम लहान आवाजात म्हणाले, “पोरगा बरा आहे ना त्यांचा? सून घरी आली ना?” मशिन, लंगोटं, रविवार, सगळं विसरून त्यांना त्याचीच भीती वाटत होती. आकड्यात त्यांची चूक कधी झालीच नव्हती, आणि झाली ती अशा ठिकाणी.

वहिनींनी शेजारच्या चिनी बाईकडून लाल पाकीट आणलं. आत अठ्ठ्याऐंशी डॉलर, मी तीनदा मोजले. दुकानात दहाव्या आजोबांनी ते दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं, “आय रिग्रेट द एरर इन द अमाउंट.” अंकल राइस कुकर उघडून बसला होता. त्याने एक स्क्रू काढला. भाषण संपलं. त्याने दुसरा स्क्रू काढला. तेव्हा दहाव्या आजोबांनी पाठांतर सोडलं. “इन माय कंट्री,” ते म्हणाले, “फिफ्टी इज फिनिश. सो वी गिव्ह वन मोअर. सो इट इज नॉट फिनिश. इट विल कम अगेन.”

अंकलने आता मान वर केली. “कम अगेन? वेडिंग कम अगेन? यू वाँट माय सन मॅरी टू टाइम आह?”

आधी त्याची बायको हसली. ती हसल्यावर त्याला गंभीर राहणं जड गेलं असावं, पण त्याने ते बराच वेळ निभावलं. मग पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, न उघडता बायकोकडे दिलं, आणि विचारलं, “मशिन व्हॉट साउंड?” दहाव्या आजोबांनी भर दुकानात घर्रर्र, टक्, घर्रर्र असा आवाज काढून दाखवला. “पंप,” अंकल म्हणाला. “नॉट मोटर.” “आय टोल्ड देम,” दहावे आजोबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते दोनशे ऐंशी मागितले होते.

शनिवारी दुपारी पंपातून निघालं ते बँकेत हिशेब तपासायला वापरतात तसल्या लाल-निळ्या पेन्सिलीचं थोटुक. आमच्या ब्लॉकमध्ये तसली पेन्सिल शर्टाच्या खिशात ठेवणारा माणूस एकच होता. वहिनींनी ते उचलून देवापुढे ठेवलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. अंकलने हात पुसले आणि म्हणाला, “फॉर्टी.”

“ओके,” दहावे आजोबा म्हणाले आणि पाकिटात हात घातला.

अंकलचा चेहरा उतरला. “व्हाय ओके? यू सिक आह?” त्याने आमच्याकडे बघितलं, मशिनकडे बघितलं, आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. “नाह. टेक. यू से थर्टी.”

“थर्टी,” दहावे आजोबा स्क्रूड्रायव्हर हातात घेत म्हणाले.

“थर्टी कॅनॉट.”

मग ते बरंच चाललं. मी खाली येऊन पोळ्या करायला घेतल्या, तरी छतातून ऐकू येत होतं. रविवारी नीता बाळाला घेऊन आली. संध्याकाळी वरच्या खिडकीबाहेरच्या बांबूंवर एका ओळीत इतकी लंगोटं वाळत होती की खालून जाणारे लोक थांबून बघत.

तीन वर्षांपूर्वी नीताच्या नवऱ्याची बदली मेलबर्नला झाली आणि दहावे आजोबा आणि वहिनीही त्यांच्याबरोबर गेले. मधूनमधून दहाव्या आजोबांचा फोन येतो. प्रकृतीबद्दल विचारलं की हवेबद्दल सांगतात, हवेबद्दल विचारलं की फ्रिजबद्दल. गेल्या महिन्यात म्हणाले, “ताई, इथे दर आधीच कार्डावर छापलेला असतो. माणूस येतो, कार्ड देतो. मी अर्धे म्हटलं तर तो हसला, टोपी घातली आणि गेला. बोलायला काही ठेवतच नाहीत हो.” त्यांच्या फ्रिजमधून पाणी गळत होतं.

आमचा पंखा दाखवायला गेले तेव्हा हे मी अंकलला सांगितलं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. कुठे गळतं, पुढून की मागून? मागून. दार जोरात आपटतात का? मी म्हटलं, वहिनी आपटतात. डोळे मिटून त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “टेल हिम, हंड्रेड फिफ्टी. मोअर, डोन्ट पे.” मी तो निरोप फोनवर पोचवला. पलीकडून आवाज आला, आणि तो चांगला खणखणीत होता. “दीडशे? त्याला म्हणावं, शंभरच्या वर एक पैसा नाही.”

मागाहून वहिनींनी फोन घेतला आणि हळूच सांगितलं की तो फ्रिज केव्हाच टाकून दिला, नवा येऊन पंधरा दिवस झाले. हे मी अंकलला सांगितलेलं नाही. तो एकशे तीसपर्यंत खाली आला आहे, आणि उद्या बाजारात जाईन तेव्हा मला त्याला दहाव्या आजोबांचे एकशे दहा सांगायचे आहेत.