विहिरीपासून बांधापर्यंत, साक्रीमार्गे

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी माझ्या अक्काच्या विहिरीपासून तिच्याच शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन आलो. पायी निघालं तर हातातला चहा निवत नाही एवढं अंतर. आम्हाला मात्र त्यासाठी दोनदा तापी ओलांडावी लागली, आणि माझी कंबर अजून रस्त्यातले खड्डे आठवून कण्हते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, फैजपूरला दिलेली. विहिरीजवळच्या निंबाखाली तिच्या मधमाश्यांच्या चार पेट्या. शेजारी युसूफभाई, केळीची वाहतूक करणारे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मांडवाची जागा आली नेमकी माश्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. मुलाकडची मंडळी जागा बघायला आली तेव्हा नवरदेवाच्या मामांच्या पापणीवर एक माशी टेकली, ती नांगी तिथे ठेवूनच उठली. युसूफभाई एका शब्दाने बोलले नाहीत. अक्काला तेच लागलं. भांडले असते तर तिनेही चार शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. आता पेट्या हलवणं आलं.

पण मधमाशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पेट्या नुसत्या बांधावर नेल्या असत्या तर चरायला गेलेल्या माश्या परत निंबाखालीच आल्या असत्या आणि मांडवात घर शोधत फिरल्या असत्या. म्हणून आधी त्यांना दोन-तीन आठवडे लांब ठेवायचं, जुनी वाट विसरली की नव्या जागी आणायचं. लांब म्हणजे दोन कोस पुरे. दोन कोसांवर सावदा, सावद्याला अक्काची लेक ज्योती, ज्योतीच्या दारात आमराई. मी फोनवरच हा मार्ग सुचवला आणि स्वतःवर खूश झालो.

"लेकीच्या घरचं मी पाणी पीत नाही," अक्का म्हणाली. "माझ्या माश्या तिथला मोहोर कशा खातील?"

माश्यांना जावई नसतो, असं मी म्हणून पाहिलं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा माश्या माहेरी न्यायचं ठरलं. अक्काचं माहेर म्हणजे साक्रीजवळचं आमचं शेत. माझे डोंगळे (बियाण्यासाठी राखलेला कांदा) फुलावर होते आणि माश्या आल्या तर बी चांगलं भरणार होतं. हे मनात ठेवून मी मोठ्या उदारपणे होकार दिला.

मी एसटीने फैजपूरला पोचलो आणि त्याच संध्याकाळी पेट्यांची दारं जाळीने बंद केली. पहाटे युसूफभाईंच्या पिकअपमधून निघालो. पुढे आम्ही तिघं, मागे ओल्या गोणपाटाखाली चार पेट्या. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग पूल, भुसावळ, जळगाव. एरंडोलच्या अलीकडे उजाडलं तशी केळी मागे पडून कपाशीची रिकामी रानं लागली. पारोळ्याजवळ नाकाबंदीवरच्या हवालदाराने हात केला.

"काय शे त्यामा?" (काय आहे त्यात?)

"माशा," युसूफभाई म्हणाले.

"कितल्या?"

"मोजी ल्या, साहेब."

साहेबांनी गोणपाटाला कान लावला आणि आम्हाला इतक्या तातडीने जाऊ दिलं, की मी पाठीमागच्या टपरीवर सांगितलेली भजी तिथेच राहिली. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) मिळाली. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्काने लहानपणी पुसायची तसे माझे डोळे पदराने पुसले, चारचौघांत. माझं वय पन्नास उलटलेलं आहे.

घरी बायकोने दारातच अक्कावरून भाकरतुकडा ओवाळला. अक्काने तिला हात धरून पिकअपमागे नेलं. चारही पेट्यांवरून तुकडा ओवाळल्यावर माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तुमच्या घराण्यात असंच का, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

माश्या डोंगळ्यांत रमल्या, अक्काही रमली. पण दोन आठवडे होताहेत तोच शेजारच्या शेतकऱ्याने निरोप धाडला की उद्या फवारणी आहे. माश्या मोकळ्या असत्या तर मेल्या असत्या. त्या संध्याकाळीच दारं बंद केली, युसूफभाईंना बोलावलं आणि पहाटे पुन्हा तोच रस्ता धरला. उन्हं चढली तशी मागची गुणगुण वाढत गेली. अक्का दर थोड्या वेळाने गाडी थांबवून गोणपाटावर पाणी शिंपडायची.

फैजपूरला पोचलो तर निंबाखाली मांडव उभा. त्याला हरकत नव्हती. पण पलीकडच्या बांधावर, आमच्या नव्या जागेवर, आचाऱ्यांच्या चुली धडधडत होत्या. पेट्या लग्नानंतरच येतील, असं धरून युसूफभाईंच्या भावाने जागा वापरली होती. सगळ्या बांधावर धूर. उन्हात तापलेल्या पेट्यांना हात लावला तर चटका बसत होता.

युसूफभाईंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अक्का, आत्ता चुली विझवतो."

"लग्नाची पेटलेली चूल विझवायची नसते," अक्का म्हणाली.

पेट्यांमधला आवाज वाढतच होता. अक्का पिकअपच्या फळीला धरून उभी राहिली. मग पुढे येऊन बसली.

"सावद्याला चला."

मी माझा जावयाचा जुना विनोद गिळला. आयुष्यात असे प्रसंग कमी आले.

आंब्याखाली पेट्या मांडल्या, जाळ्या काढल्या. ज्योतीने परातीत पाणी ओतलं आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकले. थोड्या वेळाने माश्या खड्यांवर ओळीने बसून पाणी पिऊ लागल्या. तेव्हा ज्योतीने आईपुढे तांब्या धरला. धरूनच राहिली.

"यंदाचा मध तुझा," अक्का बजावून म्हणाली. "फुकट नाही पीत मी."

आणि तिने तांब्या वर धरून घटाघटा संपवला, थेट मागच्या जन्माची तहान असल्यासारखा.

लग्न थाटात झालं. मामांनी बिर्याणी दोनदा घेतली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. चुली थंड झाल्यावर पेट्या बांधावर आल्या, निंबाकडे एकही माशी फिरकली नाही, आणि माझा प्रवास संपला.

परतताना एसटीने निघालो. धुळ्यात माझी लेक राहते. या धांदलीत तिच्या गावातून मी तीनदा गेलो होतो, पण लेकीच्या घरी उगाच कशाला म्हणून उतरलो नव्हतो. या वेळी उतरलो. हातात काही नव्हतं, वाटेत घ्यायचंही सुचलं नाही. तिने दार उघडलं, मागे कोणी आहे का ते पाहिलं, आणि घाबरून घरी सगळं ठीक आहे ना, विचारलं.

ठीक आहे म्हटल्यावर ती जरा बाजूला झाली.

"बाबा, पाणी देऊ?" मग चाचरत म्हणाली, "की चहा?"

"दोन्ही," मी म्हणालो, आणि चपला काढल्या.