पाच भाकरी आणि एक पहार

चंद्राबाई रागीट होती हे गावातलं कोणीही सांगेल. ती का चिडली होती ते मात्र कोणी सांगणार नाही, कारण सांगायला गेलं तर प्रत्येकाला आधी स्वतःचं नाव घ्यावं लागेल.

ती मूळची खालापूरकडची. लग्न होऊन पळसदरीच्या पुढच्या या गावात आली आणि नदीकाठच्या खालच्या वाडीत तिचा संसार झाला. नवरा लवकर गेला. पोरगी सोनाली शाळेत जायची, तिच्या मागोमाग चंद्राबाईही शाळेत गेली, ती तिथली खिचडी शिजवायला. पुढं सोनाली शिकली, लग्न करून बदलापूरला गेली, पण चंद्राबाई शाळेच्या चुलीपाशीच राहिली. किडका तांदूळ घेऊन आलेला टेंपो तिनं गोण्यांसकट परत पाठवला होता. "तुज्या पोरांना घाल हा, मग आमच्या पोरांना आण," असं ती त्या ड्रायव्हरला म्हणाली होती. एखादं पोर ताटात बोटं फिरवत बसलं तर त्याला धपाटा घालून भरवायची. गुरुजी तिला घाबरत, पोरं घाबरत नसत.

मग तो पूर आला. पळसदरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि नदी सरळ वाडीत शिरली. सगळी वाडी पोराबाळांसकट टेकाडावरच्या शाळेत आली. रस्ता तुटला होता, वीज गेली होती. सरपंच हिरामण फोन कानाला लावून नुसता "हॅलो, हॅलो" करत फिरत होता. दुपारपर्यंत पोरं भुकेनं रडायला लागली.

चंद्राबाईनं घरातून डोक्यावर तांदळाचा डबा आणला होता, तो तिनं मोठ्या पातेल्यात ओतला. पातेल्याचा तळही झाकला नाही. मग ती पावसात वरच्या आळीत गेली. ती उंचावरची घरं, त्यांच्या उंबऱ्यालाही पाणी लागलं नव्हतं. पहिल्या घरात म्हणाले, "आमच्याकडंच पाव्हणे हायत गं." दुसऱ्या घरातून आवाजच आला नाही, आत दिवा मात्र होता. एकीनं चार कांदे दिले आणि चार वेळा सांगितलं की कांदे दिलेत. चंद्राबाई परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हतं. सगळी आळी पुरात घालावी इतका संताप तिला आला होता.

शाळेत तिचा पुतण्या, नवीन नाव त्याचं, पातेल्यासमोर उभा होता. तो टेंपो चालवायचा. तीन वर्षांपूर्वी दारू सुटत नव्हती तेव्हा कर्जतच्या एका ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागला, आणि दारू सुटली. त्याबद्दल चंद्राबाईला आनंदच होता, कुणाचं नाव घेऊन का असेना, पोरगा माणसात आला होता. तर नवीननं हात वर केले आणि पाच भाकरी नि दोन माशांवर हजारो लोक जेवले त्या बायबलातल्या गोष्टीची आठवण देवाला करून दिली. "प्रभू, आमच्या पातेल्यावर पण हात ठेव." सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले, घरी गणपती बसवणाऱ्यांनीसुद्धा. बुडत्याला काडीचा आधार.

चंद्राबाईनं मिटले नाहीत. शाळेच्या कोठीत तांदळाच्या गोण्या होत्या, कोठीला कुलूप होतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडं शेलूला त्यांच्या फ्लॅटमध्ये होती. तिनं व्हरांड्यातली पहार उचलली. दोन घावांत कडी उखडली.

पाणी उतरेपर्यंत ती शिजवत होती. ओल्या लाकडांच्या धुरानं डोळे सुजले, मनगट भाजलं. सगळी वाडी पोटभर जेवली, काहींनी दोनदा वाढून घेतलं.

पुढची गोष्ट सांगताना चीड येते, पण सांगायला हवी. पंचनाम्याला साहेब येणार म्हटल्यावर कुणीतरी पिल्लू सोडलं, की शाळेचा तांदूळ ज्यानं खाल्ला त्याच्या सरकारी मदतीतून तो कापणार. झालं! अळीमिळी गुपचिळी. कोठी कोणी फोडली? ठाऊक नाय. तांदूळ कुठं गेला? ठाऊक नाय. हिरामण म्हणाला, "मी फोनवर होतो." मुख्याध्यापकांना वरती काहीतरी उत्तर द्यायचं होतं. चोर असा शब्द कोणी वापरला नाही. फक्त, "चंद्राबाई, सोमवारपासून येऊ नका," एवढंच. जी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली त्यांच्या आया नळावर तिला पाहून हंडा अर्धा भरून निघू लागल्या. काम गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण तिला जाळत होतं ते हे, की गावानं तिला चोर ठरवलं होतं आणि तेही तोंड न उघडता.

आणि मग तो चमत्कार आला.

नवीननं कर्जतच्या प्रार्थनेत साक्ष दिली. एका डब्याच्या तांदळात सगळी वाडी जेवली, पातेलं रितं होईना, असं तो रडत रडत बोलला. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि आठवडाभरात गावातल्या प्रत्येक फोनवर ते आलं. ज्यांनी जन्मात बायबल पाहिलं नव्हतं तेही मान डोलवू लागले, "कायतरी झालं हुतं बरं का त्या दिवशी." का नाही डोलवणार? देवानं भात वाढवला म्हटलं की कोठीचं नावच निघत नव्हतं. इतका सोयीचा देव कुणाला नको असतो!

चंद्राबाईनं नवीनला अंगणात गाठलं. "तुला ठावं नाय व्हय रं, भात कुठनं आला त्यो?"

"काकी, माजे डोळे मिटलेले हुते."

"कान पण मिटलेले हुते का? पहारीचा आवाज नाय आला?"

नवीन चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाला शाळेत व्याख्यान ठेवलं. व्याख्याते होते मिलिंद सर, कर्जतला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. माणूस सरळ, स्वतःच्या खर्चानं गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध बोलणारा. नवीनचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंतही पोचला होता. चंद्राबाई मागच्या भिंतीला टेकून बसली. तिला वाटलं, शिकलेला माणूस आहे, आज काय ते बाहेर येईल.

सर छान बोलले. बायबलात समुद्र दुभंगून माणसांना वाट झाली म्हणतात, तर उथळ पाण्यावर जोराचा वारा सलग वाहिला तर पाणी मागं सरकतं आणि तळ उघडा पडतो. यार्देन नदी थांबली म्हणतात, तर वरच्या अंगाला दरड कोसळली तर खाली नदी आटणारच. "तुमचं पळसदरीचं धरण अडवतंच की पाणी! त्याला कोण चमत्कार म्हणतं?" लोक हसले.

नवीन उठून उभा राहिला. "सर, वारा असंल. पण त्याच येळेला का आला? माणसं काठावर उभी असतानाच का? वारा हे कारण झालं, पण वाऱ्याला धाडलं कोणी?"

"चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "त्याचं उत्तर विज्ञानाकडं नाही, आणि तुमची श्रद्धा काढून घ्यायला मी आलेलो नाही. पण पाच भाकरींचं मात्र फार सुंदर कारण अभ्यासक सांगतात. प्रत्येकानं थोडं खाणं कपड्यात लपवलं होतं. एकानं आपलं पुढं केलं, ते पाहून बाकीच्यांना लाज वाटली, सगळ्यांनी गाठोडी सोडली. तुमच्या गावातही तेच झालं असणार! एका बाईनं डबा ओतला, आणि वरच्या आळीतल्या घराघरांतून तांदूळ निघाला. भात देवानं नाही वाढवला, माणुसकीनं वाढवला!"

टाळ्या पडल्या. वरच्या आळीनं तर जास्तच वाजवल्या. जिनं चार कांदे दिले होते तिनं पदर सावरला.

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बंद करा टाळ्या!" ती उभी राहून ओरडली. "ह्यो म्हणतो देवानं वाढवला. सर, तुमी म्हणता माणुसकीनं. कसली माणुसकी? दारं लावली ह्यांनी माज्या तोंडावर! पातेल्यात काय पडलं ते सांगू? शाळेचा तांदूळ पडला. कुलूप मी तोडलं, ह्या हातानं. दोगं पण सांगताय काय झालं असंल नि काय नसंल. चुलीम्होरं मी हुते. मला इचारलंत का कुणी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही विचारलं, बाई," ते म्हणाले. "आणि विचारणं हेच तर माझं काम होतं." मग ते लोकांकडं वळले. "खरं आहे का हे? तुम्ही खाल्लात ना तो तांदूळ?"

हिरामणनं आभाराचा हार उचलला आणि घाईनं सरांच्या गळ्यात घातला. नवीन खाली मान घालून बसला होता. चंद्राबाई त्याच्या मानेकडं पाहत राहिली, आत्ता उठेल, आत्ता उठेल म्हणून. तो उठला नाही. ती निघून गेली.

नंतर सरांनी मुख्याध्यापकांना दोनदा पत्र लिहिलं, पण गावातलं कोणी सही करायला तयार नव्हतं. चंद्राबाई पळसदरीच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांची भांडी घासायला जाऊ लागली. त्यांच्या ताटात टाकलेला भात बादलीत लोटताना तिचे दात आवळले जात.

पुढच्या श्रावणात नदी पुन्हा चढली. पुन्हा तीच वाडी, तीच शाळा, तुटलेला रस्ता, हिरामणचा तोच फोन. कोठीला नवं कुलूप होतं, जुन्याच्या दुप्पट. किल्ली शेलूलाच. चंद्राबाई व्हरांड्यात बसली होती. घरातून तिनं या खेपेला डबा आणला नव्हता. पहार तेवढी आणली होती, ती मांडीवर आडवी.

माणसं पहारीकडं बघत, मग कुलपाकडं, मग पावसाकडं.

शेवटी हिरामण आला. "चंद्राबाई, पोरं रडत्यात गं."

"ऐकू येतंय."

"मग?"

"मग परार्थना करा. नायतर वरच्या आळीत जावा, तिथं लई माणुसकी हाय."

पोरांचं रडणं ऐकत लांब राहणं तिला जमणार नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता. ती उठली, कोठीपाशी गेली, पहारीचं टोक तिनं कडीत अडकवलं. आणि मग हात काढून घेतला.

"मी एकटी नाय तोडणार," ती म्हणाली. "ज्याला जेवायचं हाय त्यानं हात लावा. सायबानं इचारलं तर 'आमी तोडलं' म्हणायचं. कबूल असंल तर या. नायतर ऱ्हावा उपाशी."

पोरं तेवढी रडत राहिली. मग गर्दीतून नवीन पुढं आला. त्यानं पहार दोन्ही हातांनी धरली. त्याच्यामागून एक बाई आली, कडेवर पोर घेऊन, तिनं एक हात लावला. मग म्हातारे, मग तरणे, एकाच्या हातावर दुसऱ्याचा. पहारीवर जागा उरेना तेव्हा मागचे पुढच्यांचे खांदे धरून उभे राहिले. हिरामण सगळ्यांत शेवटी आला. फोन खिशात ठेवून आला.

जोर लावायच्या आधी नवीनचे ओठ हलले आणि सवयीनं त्याचे डोळे मिटले.

"देवाचं नाव घे बाबा, खुशाल घे," चंद्राबाई म्हणाली. "पण डोळे उघड. या खेपेला बघून घे."