आरोंद्याचा घोडेवाला डॉक्टर

लग्नाला दोन वर्षं होत आली तरी मी सासुरवाडी निवांत पाहिली नव्हती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी कोल्हापुरात एका औषध कंपनीचा एम.आर. होतो, बॅग घेऊन दवाखान्यांतून खोकल्याची औषधं खपवायचो. दिवाळीनंतर रजा मिळाली आणि बेत ठरला: आधी आरोंदा, मग मालवण, मग विजयदुर्ग.

तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच सावंतवाडी गाडी पकडा, म्हणजे आंबोलीचा घाट उजेडात दिसतो. आंबोलीला गाडी चहाला थांबली. परत बसल्यावर पुढच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या बायकोला, शैलाला विचारलं, "खंयच्या गो तुमी?"

"आरोंद्याच्या."

"म्हणजे त्या घोडेवाल्या डॉक्टराच्या गावच्या!"

शैला हसली. मी विचारलं, "हा कोण?"

"अंतू. आमच्या शेजारचा," एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. घाट संपेपर्यंत बघत होती.

आरोंदा खाडीकाठी आहे, पलीकडचा काठ गोव्याचा. माडांच्या सावलीत अंगण, समोर संथ पाणी, जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि उकड्या तांदळाचा भात. पहिलाच घास घेतला आणि सासूबाई म्हणाल्या, "अंतूचा स्थळ आमच्या शैलाक इलेला, तुमच्या आदी."

मी शैलाकडे पाहिलं. ती सोलकढी आणायला आत गेली.

सासऱ्यांनी विषय सावरायचा प्रयत्न केला, पण तो अंतूच्याच कौतुकाकडे वळला. अंतू शाळेत असताना त्याच्या धाकट्या भावाला काजूच्या बागेत फुरसं चावलं. तालुक्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस मिळाली, पण ती अंगावर उलटली आणि पोरगा गेला. ही लस घोड्यापासून करतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि मग त्याच्या रक्तातून ती काढायची. त्या रक्तातला नको तो भाग माणसाला सोसत नाही. तो काढून टाकायचा, एवढाच ध्यास अंतूनं घेतला. मुंबईला शिकला, सरकारी प्रयोगशाळेत लागला. वरिष्ठ म्हणाले, आहे ती लस चालते, वेळ घालवू नका. यानं राजीनामा दिला, पुण्याबाहेर पत्र्याची शेड घेतली आणि शर्यतीतून बाद झालेले घोडे आणले. लशीचे आधीचे सगळे घाणे नासले. शेवटी जमलं, आणि त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली.

"असो झिल गावात जावक व्हयो," सासरे म्हणाले.

असा मुलगा गावात जन्मायला हवा म्हणे; जावई समोर बसून भात कालवत होता. जेवण फार छान झालं होतं, असं सगळे म्हणाले. मला चव आठवत नाही.

निघताना सासऱ्यांनी कोकमाच्या आगळाची बाटली हातात दिली. अंतू त्या आठवड्यात मालवणच्या दवाखान्यात होता, तिथल्या डॉक्टरांना नवी लस कशी द्यायची ते दाखवायला. "वाटेतच आसा, तेका देवा."

वाटेत कसलं! शिरोडा, वेंगुर्ला, कुडाळ करत, गाड्या बदलत पोचेपर्यंत अंग खिळखिळं झालं. मी तो उंच, देखणा असणार असं धरून चाललो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बुटका, टक्कल पडत आलेला, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. बरं वाटलं. पण फार वेळ टिकलं नाही.

"काय रे अंतू, केस खंय गेले तुजे?" शैला ओरडली.

"घोड्यांनी खाल्ले गो!"

ती खो खो हसली. मला ती 'अहो' म्हणायची, माझ्याशी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. हे हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मला तिथून उठून सरळ स्टँडवर जावंसं वाटलं.

तेवढ्यात बैलगाडीतून एका बाईला आणलं. गवत कापताना हाताला फुरसं चावलं होतं. हात सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. दवाखान्यातले डॉक्टर धावले. शैला तिचा दुसरा हात धरून बसली. अंतू माझ्याकडे वळला. "तुम्ही औषधवाले ना? या बाटल्यांत पाणी घाला. हलवू नका, नुसत्या हळू फिरवा. फेस झाला तर लस फुकट जाईल."

मी बाटल्या फिरवत बसलो. पांढरी भुकटी हळूहळू विरघळत होती. ज्याच्यावर मी जळत होतो, त्याचं सगळं आयुष्य माझ्या तळहातात होतं आणि ते सांडू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता.

फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून डॉक्टर बाईचं रक्त पुन्हा पुन्हा काचेच्या नळीत घेऊन बघत होते. ते पाण्यासारखं पातळच राहत होतं. अंतूचा चेहरा उतरला. लस उलटून अंगावर गांधी उठतात का, श्वास अडतो का, म्हणून तो तिच्याजवळून हलेना. दिवस कलला तेव्हा नळी उलटी केली आणि रक्त सांडलं नाही. गोठलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून रडला.

मला आनंद झाला. हेवाही वाटला, दुपटीनं.

बाहेर चहा घेताना मी विचारलंच, "शैलाला तुमचं स्थळ आलं होतं म्हणे."

"आवशीन धाडल्यान," तो आईबद्दल म्हणाला. "शैलान नाय म्हणान सांगल्यान. माका खूप लागला तेव्हा." आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "तुम्ही नशीबवान."

दुसऱ्या दिवशी देवगडमार्गे विजयदुर्ग. किल्ला पाहायला अर्धा दिवस हवाच; पाणी बरोबर ठेवा. तटावर बसून आम्ही सासूबाईंनी दिलेले लाडू खाल्ले. खाली मच्छीमारांच्या होड्या परतत होत्या. मी विचारलं, "नाही का म्हणालीस?"

तिनं हातातला लाडू डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "सुट्टीत यायचा तेव्हा तो मला भिंगातून खाडीचं पाणी दाखवायचा. मला वेड लागलं होतं. दहावीला सायन्समध्ये मी शाळेत पहिली आले. बाबा म्हणाले, पुरे आता. तो मात्र मुंबईला होता. मला त्याची बायको व्हायचं नव्हतं हो. मला तो व्हायचं होतं. कालसुद्धा ती नळी बघून नुसती जळत होते मी."

मी दोन दिवस ज्या आगीत होतो, त्यात ती कितीतरी वर्षं होती.

तळेरे, गगनबावडा करत आम्ही कोल्हापूरला परतलो. विजयदुर्गचं पाणी, तिसऱ्यांचं सुकं, हे सगळं हळूहळू पुसट झालं. पण पुढच्या जूनमध्ये शैलानं अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं तिला काकू म्हणायची. पहिल्या प्रॅक्टिकलहून आली ती थेट माझ्यासमोर, बोटं पसरून. नायट्रिक ॲसिडचे पिवळे डाग पडले होते. ती ते मेंदीसारखे मिरवत होती.

"हेवो वाटता मां?" तिनं विचारलं, पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत.

"वाटतो," मी म्हटलं.