ज्वालामुखीच्या तोंडात ठोकलेला शड्डू

पेठ वडगावला मोटार सोडली तेव्हा ऊन नुकतंच तापू लागलं होतं. जवळची एक टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे, असं एका स्नेह्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि पुण्यातल्या माझ्या भूगोलाच्या वर्गाला मी त्याची राख दाखवायचं कबूल करून बसलो होतो. नकाशापलीकडे मास्तरांनी काही पाहिलेलं नाही, असं पोरं आधीच म्हणत. रिकाम्या हातानं परतण्याची सोय नव्हती.

चढण अगदी सोपी. काळा दगड, वाळलेलं गवत, मधूनच करवंदाची जाळी. वाटेत एका बाईंनी ताक पाजलं आणि वर काय काम काढलं म्हणून विचारलं. ज्वालामुखीचं तोंड बघायचंय म्हटल्यावर त्यांनी आणखी एक पेला ओतला. ऊन लागलंय असं वाटलं असावं.

माथ्यावर देवळामागे खरोखरच वाटोळा खळगा होता, आत तांबूस, भुसभुशीत माती. बूट खराब होतील म्हणून ते काठावर काढले. त्या दिवसातलं माझं तेवढंच शहाणपण. उतरताना घसरलो, पालथा पडलो. तशातही रुमालभर राख बांधून घेतली आणि उभा राहून दोन्ही हातांनी विजार झटकली. आवाज चांगला निघाला.

देवळाच्या सावलीतली चार माणसं ताडकन उठली. त्यांतल्या पांढऱ्या मिशांच्या वस्तादांनी (कुस्तीच्या गुरूंनी) मला समजावलं, की हा जत्रेच्या कुस्त्यांचा आखाडा, माती कालच ताक, तेल, हळद घालून मळलेली, आणि तिच्यात उभं राहून मांडीवर थाप मारणं म्हणजे शड्डू ठोकणं (कुस्तीला आव्हान देणं). तोवर एक पैलवान सदरा काढत होता.

मी म्हणालो, मी पुण्याचा शाळामास्तर, चुकून झालं.

"चुकून ठोकला तरी शड्डूच की, मास्तर," वस्ताद म्हणाले. "संस्थान गेलं, पर मातीचा मान ऱ्हायलाय. हात मिळवल्याबिगर भाईर न्हाय."

मी रुमाल त्यांच्याकडे सोपवला आणि हात पुढे केला. पैलवानानं मला तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं उताणं ठेवलं. "लागलं न्हाय न्हवं, पावणं?" त्यानं वाकून विचारलं.

मग खोबऱ्याचा तुकडा मिळाला. रुमालात काय, तेही विचारलं गेलं. ज्वालामुखीची राख, असं मला सांगावं लागलं. वस्तादांनी रुमाल हुंगला.

"खड्डा आमच्या आज्यानं खणलाय," ते म्हणाले. "पर न्ह्या. मातीत पाठ टेकलीय तुमची, तुमचा हक्क हाय."

पुण्यात टेबलावर रुमाल सोडला. पोरं वाकली, नाकं मुरडली. राखेला हळदीचा आणि आंबट ताकाचा वास कसा, अशी पृच्छा झाली. मी खडू ठेवला, टेबलापुढे आलो आणि उत्तरादाखल मांडीवर थाप मारली. फळ्यासमोर तो आवाज तितकासा निघत नाही.