मंग्याचा सोलो आणि मोठेबाबांचे हार

आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी मंग्याचा किस्सा येतो. तो घरी येतो वर्षातून एकदा, पण जाताना एवढं काही करून ठेवतो की आम्हाला वर्षभर पुरतं.

मंग्या म्हणजे माझा चुलत भाऊ मंगेश. व्हायोला वाजवतो. व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, जरा जाड आवाजाचं वाद्य. युरोपात मागे अख्खा ऑर्केस्ट्रा बसतो आणि पुढे आमचा मंग्या एकटा उभा! सगळं मिळालं त्याला. एकच हौस राहिली होती, त्याच्या बाबांनी एकदा बसून त्याला ऐकावं. ते आमचे मोठेबाबा. अकोल्याजवळ फुलांचं वावर, जठारपेठेत हारांचं दुकान. माणूस लाखाचा, पण एका जागी बसणं त्यांच्या अंगातच नाही.

*

शिकत होता तेव्हा सुट्टीत तो वावरात रियाज करायचा, कारण घरी वाजवलं की शेजारी भांडायला येत. मोठेबाबांच्या लक्षात आलं की हा वाजवतो त्या बाजूला हरभरा खाणारे रोही, म्हणजे नीलगायी, फिरकत नाहीत. झालं! त्यांनी त्याला झेंडूतून उठवून हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलं. पोरगं खूश, त्याला वाटलं बाबांना आवडलं.

एका संध्याकाळी एक रोही मात्र पळालाच नाही. मान वर करून ऐकत उभा. मंग्या डोळे मिटून असा रंगला की विचारू नका. डोळे उघडले तेव्हा रोही होता, हरभरा नव्हता. मोठेबाबांनी त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

*

मग लग्नाचं निघालं. अमरावतीला मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी विचारलं काय करता. मी कौतुकानं सांगितलं की हा जगभर सोलो वाजवतो, म्हणजे एकटाच पुढे उभा राहून.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग हळूच मला म्हणाले, "एकटाच काहून? बाकीच्यायशी पटत नाई का त्याचं?"

लग्न तिथंच जमलं, हे विशेष. मुलगी आतून हसली होती म्हणे.

*

मोठीआई, म्हणजे मंग्याची आई, सामानात रिकामी जागा पाहू शकत नाही. तिनं व्हायोलाच्या पेटीतल्या छोट्या कप्प्यात जवसाची चटणी कोंबली. जर्मनीत तालमीला पेटी उघडली आणि स्टेजभर लसणाचा वास! कंडक्टर काठी खाली ठेवून वास घेत घेत जवळ आला. मंग्याला वाटलं, गेलं करिअर. कंडक्टरनं चटणीत बोट बुडवून चाटलं.

आता तो पुढच्या कार्यक्रमाचं बोलायला फोन करतो तेव्हा आधी मोठीआईची तब्येत विचारतो.

*

अमरावतीला त्याचा आपल्याकडचा पहिला कार्यक्रम ठरला. बडनेऱ्याला स्टेशनवर मीच घ्यायला गेलो. पोरगं गाडीत बोटं हलवत बसलं होतं, कारण हारांची ऑर्डर मोठेबाबांची, म्हणजे ते हॉलमध्ये असणार हे पक्कं.

पण आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होतं का? पाहुणे झाले, देणगीदार झाले, माइकवाला झाला. हॉल रिकामा करायची वेळ झाली आणि मंग्यानं पेटीसुद्धा उघडली नव्हती. परतताना तो रडकुंडीला आलेला. मोठेबाबा मात्र खुशीत. म्हणाले, "लय जोरदार झाला कार्यक्रम. एक हार उरला नाई."

*

मग अकोल्याला. पुन्हा ऑर्डर मोठेबाबांची, विंगेत टोपलं घेऊन तेच उभे. पुन्हा सत्कार. मंग्या पलीकडच्या विंगेत व्हायोला घेऊन ताटकळत उभा. अध्यक्षांनी मंडपवाल्याच्या मेहुण्याचं नाव पुकारलं, तेव्हा मंग्या खाली बसला आणि व्हायोला पेटीत ठेवायला लागला.

मोठेबाबांनी ते पाहिलं. मी त्यांच्या बाजूलाच होतो. एका कार्यकर्त्यानं हारासाठी हात पुढे केला. मोठेबाबांनी टोपल्यावर ओलं पोतं टाकलं आणि वर चक्क बसले.

"हार सरले."

"काका, टोपलं तं भरलं दिसून राह्यलं!"

"सरले म्हनलं नं."

हाराविना सत्कार कसा करणार? मेहुणा अर्ध्या पायरीवरून परत गेला. अध्यक्षांचा नाइलाज झाला, मंग्याला बोलावलं.

तो वाजवायला लागला. खरं सांगतो, मला त्यातलं काही कळत नाही, पण मीही हार-बिर विसरून ऐकत राहिलो. मोठेबाबा हलले नाहीत. पोत्याखालून झेंडू चेंगरल्याचा वास येत होता, तरी हलले नाहीत. वाजवणं संपलं, टाळ्या पडल्या. अध्यक्ष आभाराचा कागद काढत लगबगीनं माइककडे निघाले. मंग्यानं विंगेकडे पाहिलं.

मोठेबाबांनी दोन्ही हातांनी टोपलं घट्ट धरलं.

"आनखी एक वाजव, मंग्या. मी उठत नाई."